पोरगं झोपेत चालतंय? आधी दाराची कडी बघा, मग बाकीचं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीचे सव्वाअकरा झाले असतील, नवरा सेकंड शिफ्टवरून नुकताच आला होता, हातपाय धुऊन ताटावर बसतच होता तर आमचा बारका, तेव्हा दुसरीत होता, आतल्या खोलीतून बाहेर आला. डोळे टक्क उघडे. आमच्याकडे बघितलं पण न बघितल्यासारखंच, सरळ दाराशी गेला आणि चपलांच्या स्टँडमध्ये शू केली. नवऱ्याच्या कंपनीच्या सेफ्टी शूजमध्ये, नेम धरून. मग चड्डी वर केली आणि कडी काढायला हात वर केला.

मी काय करावं? ओरडले. "अरे काय करतोयस" म्हणत दंड धरून गदागदा हलवलं. आणि त्यानंतर जे झालं ते शूपेक्षा वाईट होतं, तो किंचाळायला लागला, मला ढकलायला लागला, समोर आई उभीय हेच त्याला कळत नव्हतं, पाच-सात मिनिटं हा तमाशा, शेजारच्या काकू दार उघडून बाहेर. सकाळी विचारलं तर काही म्हणजे काही आठवत नाही, उलट मलाच विचारतो बाबांचे बूट गॅलरीत का वाळत घातलेत.

आता चौथीत आहे. मधल्या दोन वर्षांत मी भरपूर वाचलं, दोन डॉक्टरांचं डोकं खाल्लं, एक वही घातली, आणि बऱ्याच चुका केल्या. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पण ज्यांच्या घरी हे नुकतंच सुरू झालंय त्यांना पहिल्या आठवड्यात नेमकं काय करायचं हे कोणी धड सांगत नाही, म्हणून हे लिहितेय.

हे का होतं?

माझ्या डोक्यात होतं की स्वप्नात चालत असेल. तसं नाहीये. स्वप्नांच्या झोपेत उलट हातपाय बंद असतात, शरीर जवळजवळ लुळं असतं. चालणं होतं ते गाढ झोपेत, आणि गाढ झोप सगळ्यात जास्त असते रात्रीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात, म्हणून बहुतेक वेळा झोपल्यापासून एक ते तीन तासांत प्रकार घडतो. त्या गाढ झोपेतून काहीतरी अर्धवट उठवतं आणि मेंदू अर्धाच जागा होतो. हातपाय हलवणारा, दार उघडणारा भाग जागा, विचार करणारा आणि लक्षात ठेवणारा भाग ढाराढूर. सोसायटीचा वॉचमन झोपलाय पण लिफ्ट वरखाली चालू आहे, असं मी माझ्या आईला समजावलं आणि तिला ते लगेच पटलं.

आणि हे फार काही विचित्र नाही हो. जगभरचे अभ्यास एकत्र करून बघितलं तर वर्षभरात शंभरातली साधारण ५ मुलं निदान एकदा तरी झोपेत चालतात, मोठ्यांमध्ये हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास. कॅनडातल्या क्युबेकमध्ये खूप मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं होतं, तो अभ्यास २०१५ साली आला, त्यात दहाव्या वर्षी प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं, म्हणजे १३ टक्क्यांच्या वर. आणि त्यातली अजून एक गोष्ट मला फार आवडली. आईवडलांपैकी कोणीच चालत नसेल तर मूल कधी ना कधी चालण्याची शक्यता २२ टक्के, एक जण चालणारा असेल तर ४७, दोघंही असतील तर ६१. हे मी सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं तर त्या हसायलाच लागल्या, "अगं तुझा नवरा तर थेट गोठ्यात जाऊन म्हशीपाशी बसायचा, आम्ही कंदील घेऊन आणायचो." लग्नाला अकरा वर्षं झाली, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. साताऱ्याच्या त्या घरात कोणाला त्यात विशेष वाटलंच नव्हतं, मामंजी रात्री दाराला आतून अडसर घालायचे, विषय संपला. दोन वर्षं वाचून मी जिथे आले तिथे मामंजी पहिल्याच दिवशी होते.

तर पहिलं काम हेच. चालणं कसं थांबवायचं याच्या मागे लागायच्या आधी पडणं, बाहेर जाणं आणि भाजणं-कापणं हे थांबवा. चालण्याने कोणाला काही होत नाही, जिन्याने आणि बाल्कनीने होतं.

घर

आजच रात्री करायचं ते सांगते. मेन डोअरला अगदी वरच्या बाजूला एक कडी बसवा, मुलाचा हात पोचणार नाही अशी. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, सुतार पंधरा मिनिटांत लावून जातो. नेहमीचं लॅच पुरत नाही, कारण झोपेत ही मुलं रोजच्या सवयीच्या गोष्टी झक्कास करतात, लॅच फिरवणं त्याला रोजचंच आहे. नवीन, वेगळ्या जागी लावलेली कडी जमत नाही, निदान सुरुवातीला तरी. पण खोलीला बाहेरून कुलूप घालू नका. आग लागली, शॉर्टसर्किट झालं तर आतलं माणूस अडकेल, आणि शिवाय बंद दार बघून मूल घाबरून जास्त आदळआपट करतं.

बाल्कनी आणि खिडक्या ही खरी भीती. फ्लॅटमध्ये स्लायडिंगच्या खिडक्या असतात आणि आपण नेमका कॉट खिडकीला चिकटून ठेवतो वाऱ्यासाठी, तो आधी हलवा. ग्रिल नसेल तर बसवा, तोपर्यंत स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये मापाची लाकडी पट्टी टाका म्हणजे पूर्ण उघडणार नाही. बाल्कनीच्या दारालाही वर कडी, आणि बाल्कनीत स्टूल, खुर्ची, कुंड्यांचं स्टँड असलं काही कठड्याजवळ नको.

बंक बेड असेल तर वरचा मजला बंद. आमच्याकडे नव्हता, पण नणंदेकडे आहे, तिथे गेलो की बारका खाली जमिनीवर गादी टाकून झोपतो, आणि खरं सांगायचं तर जमिनीवर गादी हाच सगळ्यात चांगला पलंग आहे. रात्री झोपताना त्याच्या वाटेतलं उचलायचं, म्हणजे खेळणी, दप्तर, टेबल फॅनची वायर, फरशीवर सांडलेलं पाणी. काचेचा टीपॉय असेल तर रात्रीपुरता भिंतीला लावा.

स्वयंपाकघर विसरू नका. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद, लायटर वरच्या फळीवर, सुऱ्या ड्रॉवरमध्ये. विळी वापरत असाल तर ती मिटून वर ठेवा, ओट्याखाली उभी ठेवायची सवय असते आपल्याकडे आणि अंधारात त्यावर पाय पडला तर काय होईल सांगायला नको. मोठं माणूस चालणारं असेल तर गाडीच्या चाव्या पण लपवा, कारण झोपेत गाडी चालवल्याच्या खऱ्या केसेस आहेत.

गावाकडच्या घरांचं वेगळं आहे. विहीर, हौद, गच्चीला कठडा नसणं, शेणकुटाच्या खोलीला लागून असलेला उभा जिना. मुख्य दार बंद असलं तरी मागचं परसदार उघडं असतं, तेही बघा. आणि उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची मजा ह्या मुलाच्या नशिबात नाही, त्यावर चर्चा करायचीच नाही. त्याच्याबरोबर आपणही खाली झोपायचं म्हणजे त्याला एकट्याला शिक्षा वाटत नाही.

मग आवाजाची व्यवस्था. मी बारक्याच्या खोलीच्या दाराला नवरात्रातली घुंगरांची माळ बांधली, दार हललं की छुम. ती चाळीस रुपयांची माळ आमच्याकडे अजून आहे. दाराला लावायचे छोटे मॅग्नेटवाले अलार्म ऑनलाइन मिळतात तेही चालतात, फक्त त्याचा भोंगा मुलाच्या कानाशी वाजता कामा नये, तुमच्या खोलीत वाजला पाहिजे. का ते पुढे येईलच.

चालताना सापडलं तर

ओरडू नका, हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका. झोपेत चालणाऱ्याला उठवलं तर हार्ट अटॅक येतो, वेड लागतं वगैरे सगळं खोटं आहे, काही होत नाही. पण गाढ झोपेतून ओढून काढलेलं माणूस गोंधळलेलं असतं, घाबरतं, फटका मारू शकतं, आणि त्यालाच त्रास जास्त होतो. म्हणून उठवायची गरज नाही एवढंच.

मी आता काय करते, तर समोरून जात नाही, बाजूने जाते, कोपरापाशी हलका हात लावते आणि अगदी नेहमीच्या आवाजात, हळू, एकच वाक्य, "चल, गादीवर जाऊ." प्रश्न विचारायचे नाहीत. "कुठे चाललास, काय हवंय, मी कोण आहे सांग" हे सगळं निरर्थक आहे, उत्तर आलं तरी त्याला अर्थ नसतो, एकदा बारक्याने मला "पाच रुपये सुट्टे नाहीत" असं सांगितलं होतं. हात झिडकारला तर सोडून द्यायचं आणि नुसतं बरोबर चालायचं, वाटेत उभं राहायचं, तो भिंतीला टेकतो, वळतो, पुन्हा हात लावायचा. बाथरूमच्या दिशेने नेलं तर बरेचदा शू करतो आणि तिथून सरळ गादीवर. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत आटपतं. मोठा लाइट लावू नका, नाइट लॅम्प पुरे.

अपवाद एकच. जिन्याच्या तोंडाशी असेल, कठड्यापाशी असेल तर मग हळूवारपणा गेला खड्ड्यात, धरा, घट्ट धरा, उठला तर उठला.

सकाळी त्याची टिंगल नको. आमच्याकडे मोठ्या बहिणीने व्हिडिओ काढून चुलत भावंडांना दाखवला आणि बारका चार दिवस झोपायलाच घाबरत होता, आणि न झोपल्यामुळे अजून चालला. व्हिडिओ काढा जरूर, पण डॉक्टरांसाठी, फॅमिली ग्रुपसाठी नाही. कोणी मोठ्या माणसाने विचारलंच तर मी त्याला शिकवलंय की सांग, "बाबा पण चालायचे, जाईल मोठा झाल्यावर." आणि खरंच बहुतेक मुलांचं वयात येईपर्यंत जातं.

वही

आता चालणं कमी कसं करायचं. ह्याचं अर्धं उत्तर वहीत सापडतं. जुनी अर्धी कोरी वही घ्या आणि रोज पाचच गोष्टी लिहा: किती वाजता झोपला, किती वाजता चालला (चालला असेल तर), सकाळी किती वाजता उठवला, त्या दिवशी काय विशेष होतं, आणि तब्येत. तीन-चार आठवडे. कंटाळा येतो, मला पण आला, मध्ये सहा दिवस कोरे आहेत.

माझ्या वहीत दोन गोष्टी दिसल्या ज्या मला डोळ्यासमोर असून दिसत नव्हत्या. एक म्हणजे तो जवळपास नेहमी नवऱ्याच्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यात चालत होता. का? कारण नवरा सव्वाअकराला येऊन बेल वाजवायचा! आमची बेल म्हणजे ती पक्षी ओरडतो तसली. पोरगं दहाला झोपलेलं, सव्वा तासाने नेमकी सगळ्यात गाढ झोप, आणि त्यावर ती बेल. नवऱ्याला चावी दिली, बेल बंद, आणि त्या महिन्यात चालणं सहा वेळांवरून दोन वेळांवर आलं. एक रुपया खर्च नाही.

दुसरं म्हणजे झोपेचं. सकाळची शाळा, व्हॅन पावणेसातला, म्हणजे उठणं साडेपाचला, झोपतो दहाला. साडेसात तास. त्या वयाला ९ ते १२ तास लागतात. तेव्हा कळलं की आम्ही पोराला रोज दीड-दोन तासांनी कमी झोपवतोय आणि मग रात्री का चालतो म्हणून देवाला विचारतोय. झोप कमी पडली की पुढच्या रात्री मेंदू ती भरून काढतो, झोप अजून जड होते, आणि जड झोपेतून अर्धवट उठणं वाढतं. २००८ साली माँट्रियलमध्ये ह्याचा भारी प्रयोग झालाय, झोपेत चालणाऱ्या १० मोठ्या माणसांना साध्या रात्री गाढ झोपेत असताना आवाज ऐकवले तर तिघंच उठले-हलले, आणि तीच माणसं २५ तास जागी ठेवून मग झोपवली आणि आवाज ऐकवले तर दहाच्या दहा. कमी झोप आणि त्यात वर आवाज, म्हणजे आमचं सेकंड शिफ्टचं घरच.

मग आम्ही साडेआठला गादीवर असा नियम केला. बोलायला सोपं आहे. त्यासाठी जेवण साडेसातला, ट्यूशन सातच्या आत, आणि मला माझी साडेसातची मालिका सोडावी लागली, म्हणजे नंतर मोबाइलवर बघते. पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणलं, एकदम दीड तास ओढलं असतं तर नुसता लोळत पडला असता. २०२४ साली राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका असं काढलं तेव्हा मी एकटीनेच पेढे वाटले असतील. तुमच्याकडे अजून सकाळचीच शाळा असेल तर झोपायची वेळच अलीकडे आणावी लागेल, दुसरा इलाज नाही, आणि रविवारी अकरापर्यंत लोळून ते भरून निघत नाही.

बाकी छोट्या छोट्या गोष्टी पटापट सांगते. झोपायच्या आधी शू करवायचीच, भरलेली लघवीची पिशवी हे अर्धवट जाग यायचं फार मोठं कारण आहे (बुटांची आठवण). दूध द्यायचं तर तासभर आधी द्या. संध्याकाळनंतर चहा, कोला नको. झोपायच्या तासभर आधी मोबाइल हातातून काढा, त्याबद्दल रडारड होईल, होऊ दे. ताप आला की त्या रात्री चालणार असं धरूनच चाला आणि त्याच्याजवळ झोपा. परीक्षा, घरात भांडण, नवीन शाळा, ताण असला की वाढतं. आणि गणपती-नवरात्र-दिवाळी! दांडियाला बारा वाजेपर्यंत, किंवा नरकचतुर्दशीला पहाटे चारला उठवून अभ्यंगस्नान, त्याच्या पुढच्या दोन रात्री माझ्या वहीत हमखास टिकमार्क आहेत. सण सोडा असं मी म्हणत नाही, दुपारी झोपवा आणि त्या रात्री कडी दोनदा बघा.

वेळेच्या आधी उठवायची युक्ती

हे मला बालरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं आणि आधी मला ते येडपटपणाचं वाटलं. मूल रोज साधारण एकाच वेळी चालत असेल, वहीवरून ते कळतं, तर त्या वेळेच्या पंधरा ते तीस मिनिटं आधी आपणच त्याला हलकंसं उठवायचं. पूर्ण जागं करायचं नाही. खांद्यावर हात, नाव घेऊन हाक, डोळे किलकिले केले, "हं" म्हणाला, कूस बदलली की झालं, परत झोपू द्यायचं. रोज, न चुकता, दोन ते चार आठवडे. गाढ झोपेची जी लय त्या ठराविक वेळी अडखळत होती ती आपण आधीच मोडतो, असा त्यामागचा विचार आहे.

आम्ही पावणेअकराचा अलार्म लावून तीन आठवडे केलं. पहिल्या चार दिवसांत मी जरा जास्तच उठवलं तर तो बसून पाणी मागायला लागला, गप्पा मारायला लागला, मग मी नुसती कूस बदलण्यावर आले. त्या तीन आठवड्यांत एकदा चालला, तेही मी अलार्म बंद करून स्वतःच झोपले होते त्या रात्री. नंतर बंद केलं तरी बराच काळ शांत होतं. पण हे कधी करू नये तेही सांगते, चालायची वेळ रोज वेगळी असेल तर काही उपयोग नाही, महिन्यातून एकदा चालणाऱ्या मुलाला रोज उठवणं म्हणजे उगाच त्रास, आणि उठवल्यावर तास-तास झोप लागत नसेल तर झोप कमी होऊन उलटच होईल. आधी बेल, झोप, शू हे सगळं करा, त्याने भागलं नाही तर ही युक्ती.

घोरतो का?

हा प्रश्न मला पहिल्या डॉक्टरांनी विचारलाच नाही, दुसऱ्यांनी पहिला विचारला. मूल तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो, घामाने उशी भिजते, तर नाकामागच्या वाढलेल्या गाठी किंवा टॉन्सिल हे कारण असू शकतं. श्वास अडला की मेंदू अर्धवट उठतो, आणि अर्धवट उठला की चाललं पोरगं. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००३ साली झोपेत चालणारी किंवा किंचाळणारी ८४ मुलं तपासली होती, त्यात ४९ जणांना झोपेत श्वासाचा त्रास निघाला, आणि त्यातल्या ज्या ४३ मुलांचं टॉन्सिल-नाकाचं ऑपरेशन झालं त्यांचं चालणं-किंचाळणं पण थांबलं. म्हणून घोरणारं मूल असेल तर वही-बिही नंतर, आधी कान-नाक-घसावाले गाठा. पाय सारखे हलवणं, रात्री पायात वळवळ होते म्हणणं, हे पण सांगा डॉक्टरांना.

आणि चालू असलेली औषधं सांगा. ॲलर्जी-दम्यासाठी जे माँटेलुकास्ट देतात त्याच्या दुष्परिणामांत झोपेत चालणं आहे. स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण औषध सुरू झालं आणि चालणं सुरू झालं असं असेल तर ते बोला.

मोठं माणूस चालत असेल तर

लहानपणी चालायचं आणि आता ताणाच्या दिवसांत एखाद वेळी चालतं, हे समजण्यासारखं आहे, त्याला वरचंच सगळं लागू. नाइट शिफ्ट बदलताना जास्त होतं. पण आयुष्यात कधी न चाललेलं माणूस चाळिशीत अचानक चालायला लागलं तर डॉक्टरकडे जायचंच. पहिली शंका झोपेच्या गोळीची. झोल्पिडेम आणि त्या कुटुंबातल्या गोळ्यांवर अमेरिकेच्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, एफडीएने, २०१९ साली सगळ्यात कडक इशारा छापायला लावलाय, झोपेत चालणं, गाडी चालवणं, स्वयंपाक करणं ह्यासाठी, आणि एकदा असं झालं तर ती गोळी परत घेऊच नये असं त्यात स्पष्ट आहे. मेडिकलवाल्या ओळखीच्या माणसाकडून चिठ्ठीशिवाय आणलेली गोळी असेल तर आज रात्रीच विचार करा. दारू आणि गोळी एकत्र तर बोलायलाच नको. काही मानसिक आजाराच्या औषधांनीही होतं, तिथे मात्र स्वतः बंद करणं धोक्याचं, डॉक्टरांना फोन करा.

आजोबांचं वेगळं. पन्नाशी-साठीनंतर पहाटेच्या बाजूला कोणी झोपेत लाथा मारतंय, बुक्के मारतंय, ओरडतंय आणि उठवल्यावर "चोर मागे लागला होता" असं स्वप्न सांगतंय, तर ते झोपेत चालणं नाही, तो दुसराच आजार आहे, त्यात स्वप्नाच्या वेळी हातपाय बंद व्हायचे ते होत नाहीत. त्याचा पुढे पार्किन्सनशी, म्हणजे कंपवाताशी, संबंध असू शकतो म्हणून न्यूरॉलॉजिस्टला दाखवायचं. आणि कुठल्याही वयात एका रात्रीत चार-पाच वेळा, दरवेळी अगदी तीच हालचाल, अंग ताठ होणं, असं असेल तर फिट्स नाहीत ना हे तपासून घ्या. इथेच तो व्हिडिओ कामाला येतो, डॉक्टरांना दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवला की आपल्या अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा जास्त कळतं. गरज वाटली तर ते रात्रभर वायरी लावून झोपेची तपासणी सांगतात. साध्या चालणाऱ्या मुलाला ती बहुतेक लागत नाही. गोळ्याही असतात, क्लोनाझेपाम वगैरे, पण त्या इजा होण्याइतकं चालणाऱ्यांसाठी, आणि ते ठरवणं आपलं काम नाही.

अमावस्या

येणार, हे येणारच. शेजारच्या काकू, गावची आत्या, कोणीतरी म्हणणार बाहेरचं आहे, अमावस्येला बघ. मी वहीत अमावस्या-पौर्णिमा पण लिहिल्या, मुद्दाम. काही नाही. सेकंड शिफ्ट आणि दांडिया, बस. सासूबाई मीठमोहरीने दृष्ट काढतात त्याला मी अडवत नाही, त्यांना बरं वाटतं, पोराला आजी जवळ घेते त्याचंही बरं वाटतं. पण कोणी महाराज-मांत्रिकाकडे नेऊन झोडपणं, धुरी देणं, उपाशी ठेवणं म्हणत असेल तर तिथे ठाम नाही म्हणा, २०१३ पासून आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि असले प्रकार त्यात गुन्हा आहेत.

बाहेरगावी

नवीन जागी पहिल्या रात्री जास्त होतं, दमणूक आणि अनोळखी खोली. लग्नघरात वीस जण एका हॉलमध्ये झोपतात तेव्हा त्याला भिंतीकडे आणि तुम्ही दाराच्या बाजूला. रेल्वेत वरचा बर्थ नको, खालचा घ्या आणि शक्यतो दारापासून लांबचा, डब्याच्या मधला, आणि एका मोठ्याने त्याच्या वाटेतच पाय पसरायचे. मला तर रात्रीच्या गाडीत झोपच येत नाही, म्हणून आम्ही जमेल तिथे दिवसाची गाडी बघतो. ट्रेकला जाणाऱ्या मोठ्या मुलांनी हे मनावर घ्या, हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याजवळ तंबूत झोपणं हे झोपेत चालणाऱ्याचं काम नाही. दिवसाचा ट्रेक करा, रात्रीचा मुक्काम पायथ्याच्या गावात, दार असलेल्या घरात, आणि बरोबरच्या एकाला तरी सांगून ठेवा. लाजेने न सांगणारेच जास्त असतात.

ह्या जानेवारीत बारक्याची शाळेची सहल होती, एक रात्र मुक्काम. पाठवू की नको ह्यावर घरात आठवडाभर वाद. शेवटी पाठवला, आणि सरांना चिठ्ठी दिली, ती जशीच्या तशी देते, कोणाला लागली तर वापरा:

"सर, हा कधीकधी झोपेत चालतो. झोपल्यावर एक-दोन तासांत. डोळे उघडे असतात पण झोपेत असतो. कृपया जमिनीवर, दारापासून लांब झोपवावा, दाराला वरची कडी लावावी. झोपायच्या आधी शू करायला पाठवावं. चालला तर ओरडू नये, कोपराला धरून 'चल, गादीवर जाऊ' म्हणावं, ऐकतो. सकाळी मुलांसमोर विषय काढू नये. रात्री कितीही वाजता फोन केला तरी चालेल."

सरांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "खोली तळमजल्यावरची घेतो, चालेल ना?" रात्री फोन आला नाही. तरी मी साडेअकरापर्यंत जागीच होते.